आंब्यात ठोकलेला खिळा

मंगळवार, संध्याकाळ

जेवायला बसवत नाही. तो खिळा अजून पर्समध्येच आहे.

हिंजवडीकडे जाणारा रस्ता रुंद होणार, म्हणून कडेचा आंबा तोडायचाय. आधी झाडावर नोटीस लावून सात दिवस हरकती मागवायच्या, हा नियम. ग्रामसेविका म्हणून ते काम माझं. गेल्या बुधवारी शिपाई रजेवर होता, सुतळी सापडेना, मला मीटिंगची घाई. मीच दगडाने खिळा ठोकला. मी! फ्लॅटच्या जाहिराती झाडांना ठोकणाऱ्यांना गेल्याच महिन्यात ताकीद देणारी!

आज बबनआबा ऑफिसात आले. त्यांची आई गेली तेव्हा तिची राख खड्ड्यात घालून त्यांनी हा आंबा लावला होता. रोप पंचायतीनेच दिलेलं. त्यांनी खिळा माझ्या टेबलावर ठेवला.

"नोटीस सुतळीनं बांधलीया, मॅडम. खिळा तेवढा काढला. म्हातारीला टोचत आसंल."

मी हरकतींचं रजिस्टर पुढे ओढलं. म्हटलं, "आबा, हरकतीचा अर्ज तरी द्या. मी लगेच नोंदवते."

"रस्ता समद्यांचाच हाय. आमी कशाला हरकत घ्यायची?"

गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

हरकत लेखीच हवी, हाही नियमच. रजिस्टर घरी घेऊन आलेय. पान कोरं आहे, उद्या शेवटचा दिवस.

खिळा कुठल्या रकान्यात लिहू?