भाकऱ्या उजव्या हाताच्या, खांदा डावा

मांजर्ली, बदलापूर

ती. पुतळाअक्कांस धाकट्या भावजयीचा, यशोधरेचा, वाकून नमस्कार.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आपण दोघी ओट्यावर वाल सोलत बसलो होतो, आठवतं? कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी सालं पातेल्यात आणि दाणे सुपात टाकत होते. तुम्ही एक शब्द न बोलता सूप आणि पातेल्याची जागाच बदललीत. त्या दुपारी मला सासर आवडायला लागलं. गुडघे कसे आहेत तुमचे? तुमचं अंबरनाथ इतकं जवळ, तरी मी "एवढं लग्न उरकलं की येते" म्हणत राहिले, आणि आपल्याकडची लग्नं काही उरकत नाहीत. याचं फार वाईट वाटतं.

आतड्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सगळ्या अंगाचा पेट स्कॅन सांगितला होता, उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. आदल्या दिवशी कष्टाचं काम नको, अशी ताकीद होती (राबलेला स्नायू त्या फोटोत उजळतो म्हणे). नेमकी त्याच दिवशी शेजारच्या कमलेशची हळद. हळदीच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या थापायला अख्खी गल्ली जमते; तिथे मी नुसती बसून राहिले असते, तर माझ्या दुखण्याचीच चर्चा झाली असती. थापल्या. स्कॅनच्या दिवशी सुई टोचून गप्प बसवलं. मी बाजूच्या खुर्चीवरच्या सिंधी बाईंना त्यांच्या सुनेबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "चुप बैठो बहन, फोटो में जीभ भी चमकेगी!" (आणि मग स्वतःच सुनेची सगळी कथा सांगितली.)

फोटोत खांद्यात एक ठिपका उजळला. तुमचे बंधू तिथेच म्हणाले, "बघ, भाकऱ्या! सांगत होतो ना, जाऊ नको!" अक्का, इतक्या आनंदाने ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. येताना पेढे घेतले. पुढच्या खेपेला ते औषधं आणायला खाली गेले, तेव्हा मीही डॉक्टरांना ऐटीत भाकऱ्यांची हकीकत सांगितली.

"काकी, थापता कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"ठिपका डाव्या खांद्यात आहे."

मग सुईने तुकडा काढून तपासला (घरी मी 'लचक बघतात' असं सांगितलं). आतड्यातलाच कॅन्सर निघाला. तो सहसा यकृतात जातो, नाहीतर फुप्फुसात. खांद्याच्या स्नायूत क्वचितच. म्हणून आणखी दोन डॉक्टर मुद्दाम फोटो बघायला आले. (मला दुर्मीळ म्हणणारी माणसं भेटली, तीही अशी.) तुमचे बंधू अजून रोज संध्याकाळी तेल कोमट करून माझा उजवा खांदा चोळतात. मी चोळून घेते.

तुमची,
यशोधरा

ता. क. सोमवारी नवं औषध सुरू होईल, तेव्हा त्यांना कळेलच. माझ्या तोंडून निघत नाही. रविवारी या आणि तुम्ही सांगा. तुमच्यापुढे ते रडू शकतील.

ता. क. आणखी एक. शिलाई मशीन सुनेला, भाविकाला. मोत्यांची नथ लेकीला, सोनियाला (नाक मुरडेल, तरी द्या). माळ्यावरची इंग्रजी पुस्तकं जो वाचेल त्याला. आणि तुमचा भाऊ तुम्हालाच परत. दिलात तसा राहिला नाही, पण जपून वापरलाय. सकाळी दोनदा चहा मागेल. दुसऱ्यांदा अर्धाच द्या.