मात्रेचा नॉब

४ ऑक्टोबर

आलो एकदाच्या! दोघी बहिणी, चार बोचकी, एक कुंडी आणि शेंडेफळाची अखंड बडबड. शेंडेफळ म्हणजे माझी धाकटी बहीण. वीस वर्षांची घोडी झाली, तरी घरातलं नाव तेच. खाली कारखाना, वर आमची राहायची जागा, मधे लाकडी जिना. नोकरी मिळावी तर अशी! इथे मॉड्युलर सिंथेसायझर बनवतात. सुटे सुटे भाग, प्रत्येकाचं काम वेगळं, तारांनी एकमेकांना जोडले की त्यातून स्वर निघतात. मालकांचा स्वतःचा तर भिंतभर आहे. तो चालवायला त्यांना माणूस हवं होतं. एकटी असतीस तर घेतलं नसतं, म्हणाले. मला वाटलं, किती कुटुंबवत्सल माणूस.

५ ऑक्टोबर

कुटुंबवत्सल कसला, नाकावर माशी बसू देत नाही. भिंतभर नॉब आणि एकावरही अक्षर नाही. मालकांनी खुणा खरवडून काढल्यात. इथे कानाने काम करायचं, वाचून नाही, असा खाक्या. काही विचारलं की कपाळाला आठ्या. कोपऱ्यात एक म्हातारा दिवसभर सोल्डरचे डाग देत बसतो. त्याला आदराने काका म्हटलं, तर मी तुमचा काका नाही म्हणाला. बरं बाबा, नाहीस.

काम मात्र झकास आहे. यंत्रात एक मंद लहर असते. ती स्वतः ऐकू येत नाही, पण स्वराला वर-खाली झुलवते. किती झुलवायचं ते मात्रेच्या नॉबवर. जरासा फिरवला तर स्वर नुसता थरथरतो, छान वाटतो. खूप फिरवला तर एका टोकाला कान किटतात आणि दुसऱ्या टोकाला स्वर नाहीसाच होतो. असे दोन नॉब माझ्याकडे दिलेत. मालकांना रोज थोडी जास्त मात्रा हवी असते.

९ ऑक्टोबर

शेंडेफळाचा आवाज बिघडलाय. बोलता बोलता बारीक होतो, परत मोठा होतो. बॅटरी संपत आली का गं, म्हणून मी चिडवलं. तर म्हणते, ताई, तुझंच लक्ष नसतं, किती हाका मारल्या! असेलही. हल्ली चहा माझ्या हातातच गार होतो आणि मला पत्ता नसतो. नव्या कामाचा शीण, दुसरं काय.

यंत्र मात्र काय सुरेल वाजतंय. अगदी माणसाच्या गळ्यातून आल्यासारखं.

१२ ऑक्टोबर

लिहायला हात धजत नाही. दुपारी शेंडेफळ खिडकीत केस विंचरत होती आणि मला तिच्या आरपार गज दिसले. मग ती भरून आली. परत विरळ झाली. खाली यंत्र चालू होतं, त्याच लयीत. ती विरळ झाली की खालच्या स्पीकरमधून तिचा आवाज येतो. तिचाच. तिला मी कडेवर घेऊन वाढवलंय, मला कोण फसवणार?

खाली धावले. माणूस मिसळल्याशिवाय स्वरात जीव येत नाही, मालक म्हणाले. इतक्या थंडपणे, की जणू मीठ कमी पडलं होतं. आम्ही निघून जातो म्हटलं, तर खुशाल जा म्हणाले. तिला ओढत रस्त्याकडच्या दारापर्यंत नेलं. उंबऱ्यावर ती हातातून सुटली. माझ्या मुठीत नुसता तिचा स्वेटर. ती परत वरच्या गादीवर.

१३ ऑक्टोबर

मालक जेवायला गेलेले. आधी तार उपटायला गेले, पण तारेला नुसता हात लागला तशी ती वर किंचाळली. म्हणून दोनांपैकी ज्या नॉबने तिचा आवाज झुलायचा तो धरला आणि डावीकडे फिरवला, पार टोकापर्यंत. डावीकडे म्हणजे बंद. पंखा, रेडिओ, सगळीकडे असंच असतं. जीव भांड्यात पडला.

वर आले, तर ती नाही.

खालून म्हातारा हसत होता. इथे शून्य मधे असतं, म्हणाला. डावीकडे नेलं की लहर उलटी होते, पुरीच्या पुरी. विचारलं असतंस तर सांगितलंही नसतं, हेही वर म्हणाला.

१४ ऑक्टोबर

आता समजलं. दुसरा नॉब माझा आहे. पहिल्या दिवसापासून आम्ही दोघीही — एकदम विरायचो, एकदम यायचो, म्हणून मला माझं कळलं नाही. आता तिची लहर उलटी. ती असते तेव्हा मी नसते.

जागी होते तर शेजारची गादी गरम. कपात उष्टा चहा. आणि ती नाही.

कारखान्याचं दार माझ्या वेळेला बंद असतं. मुद्दाम.

१५ ऑक्टोबर

तिच्यासाठी आरशावर साबणाने लिहिलं — नॉब मधोमध आण. परत आले तर पुसलेलं. जिन्यात म्हातारा, त्याच्या बाहीला साबण.

मेल्यांनो, तिने तुमचं काय —

१६ ऑक्टोबर

ती आहे! मी आहे आणि ती पण आहे! धापा टाकत जिना चढून आली, गळ्यात पडली. ताई, दार उघडंच होतं, म्हणाली. मी तुझं बटण बंद केलं. डावीकडे, पार टोकाला.

डावीकडे.

शाबास म्हटलं. दुसरं काय म्हणू? आता दोघींची लहर एकच. एकदम असणार. एकदमच नसणार. एकीला सोडवायला दुसरी मागे उरणार नाही.

खाली त्यांनी आतून कडी घातली. मुठी आपटल्या, दाराचा आवाज होत नाही. मालक आतून सांगतायत — दोन्ही गळे जुळले, छान झालं — तळाला पोचलात, पुरत्या विरलात, की लहर तिथेच धरून ठेवणार —

जिन्यातच बसलोय. शेंडेफळ विचारतेय, ताई, सुटलो ना गं आपण. हो म्हटलं. माझं मला अर्धंच ऐकू आलं, उरलेलं खालून —

तिचा हात धरलाय. घट्ट. पकडीत काही लागत नाही, तरी धरलाय — तिचा, की माझाच —