अर्धी बोडी

नागपूर, १६ ऑगस्ट २००५

ती. भय्याकाकांस,
कीर्तीचा सा. न. वि. वि. करडीचा फोन पुन्हा मुका झाला, म्हणून पत्र. पुण्याच्या एका न्यासाने पाणपक्ष्यांवरच्या संशोधनासाठी फेलोशिप जाहीर केली होती. तिच्या शेवटच्या फेरीत माझं नाव आलंय. याआधी दोन ठिकाणी नकार आला. एकांना वाघ हवा होता, दुसऱ्यांना नेट पास झालेला उमेदवार. बोडीसारख्या छोट्या शेततळ्यातल्या कमळपक्ष्यांसाठी पैसे द्यायला तयार असलेले हे पहिलेच.

१० सप्टेंबरला समितीच्या एक मॅडम तुमची बोडी पाहायला येतील. दोन पावसाळे मी जिथे बसून पक्षी मोजले, तीच जागा अर्जात लिहिली आहे. गावकऱ्यांशी मोकळेपणी बोलता यावं म्हणून त्या दिवशी मी तिथे असायचं नाही, असा नियम आहे. तुम्ही सांभाळाल ना? ही हुकली तर बी.एड.ला नाव घालायचं, असं बाबांचं आणि माझं ठरलंय. जवाहरनगरच्या कॉलेजचा अर्जसुद्धा त्यांनी आणून ठेवलाय.

काकूंना नमस्कार सांगा.
तुमची,
कीर्ती

करडी, २१ ऑगस्ट

चि. कीर्तीस काकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.
तू काहून घाबरून राहिली? पाहुणीची काळजी आमच्यावर सोड. पोरगी पाहायले पाहुणे येतात तवा आपण आंगण सारवतो. मग बोडी पाहायले कोणी पुण्याहून येत असन तर ते गवतानं भरलेली कशी दाखवू? धानाचे रोवणे आटोपले, माणसं मोकळी होती. परवापासून दहा-बारा जण उतरून वेली, कमळाचे पानं, आपोआप उगवलेलं देवधान, सारं उपटून राहिले. जिथं हात फिरला तिथं पाणी आरशासारखं दिसते. उरलेलं या आठवड्यात होते. मॅडम म्हणतीन, काय झकास जागा आहे!

कमळपक्ष्यात अंड्यावर नर बसतो, असं तू काकूले सांगून गेली. तवापासून मले रोज टोमणे. मी म्हणलो, चहा मांडतो, अंड्यावर बसाले नको सांगू.

अशीच लिहीत जा.
तुझा काका,
भय्याजी

नागपूर, २४ ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न. वि. वि. पत्र मिळताच आधी माणसांना पाण्याबाहेर काढा. एक पानही आता उपटू नका. कमळपक्षी घरटं घालतो ते त्या पाण्यावरच्या पानांवरच. पानं गेली की पक्षी गेले, आणि पक्षी गेले की माझा अभ्यास गेला. माझ्या कॉलेजातल्या सरांना विचारलं, अर्जातली जागा आता बदलता येत नाही.

मी रागाने लिहितेय, हे मला कळतंय. तुम्ही माझ्यासाठीच केलंत हेही कळतंय, म्हणून तर धड चिडताही येत नाही. किती उरलंय ते लगेच कळवा. घरटं दिसलं तर जवळ जाऊ नका.
कीर्ती

करडी, २९ ऑगस्ट

चि. कीर्तीस आशीर्वाद.
तुझं पत्र आलं तवा माणसं पाण्यातच होते. मी बोडीच्या बांधावरून, पारीवरूनच असा ओरडलो का एकाले वाटलं साप निघाला. अर्धी बोडी गेली, बाई. देवळाकडची अर्धी राहिली. तिकडे पानावर एक घरटं आहे, चार अंडी. तुझी काकू पारीवर बसून ढोरं हाकलते.

मले जेवण जाऊन नाही राहिलं. एक उपाय सुचला. शेजारच्या भैय्यालालची बोडी आपल्या शेताच्या धुऱ्याले लागून आहे, पानानं गच्च. मॅडमले तीच आपली म्हणून दाखवतो. भैय्यालाल तयार आहे. पुण्याच्या बाईले कोणाची बोडी कोणती, काय समजते? तू फक्त हो म्हण.
तुझा काका

नागपूर, २ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून मलाही वाटलं, हो म्हणावं. कोणाला कळणार नाही, हे खरंच आहे. पण मग पुढे मी भैय्यालालकाकांच्या बोडीवर बसून तुमच्या बोडीचे आकडे लिहीत राहू का? जे घडलं ते मी समितीला कळवलं. सोबत लिहिलं की आधीच्या दोन पावसाळ्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. आता अर्धी बोडी मोकळी, अर्धी तशीच, तर पानं गेल्यावर पक्षी काय करतात हेच मी अभ्यासते. उत्तर आलेलं नाही.

मॅडम विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. माझ्यासाठी काही झाकू नका. पोळ्याला येत नाही. हे पत्र पोचेपर्यंत पोळा होऊन गेला असेल, तरी बैलांना माझ्या वाटची पुरणपोळी द्या.
कीर्ती

करडी, ११ सप्टेंबर

चि. कीर्तीस आशीर्वाद.
मॅडम काल आल्या. बोलणं कमी, पाहणं जास्त. चप्पल काढून पारीवरून पुरी चक्कर मारली, घरटं दुर्बिणीतून पाहिलं. काहून उपटलं विचारलं, तर मी आंगण सारवायचं सांगतलं. हसल्या नाही, लिहून घेतलं.

मग विचारलं, कीर्ती इथं दोन पावसाळे बसली, तर पानाले हात लावू नये हे तिनं तुम्हाले कधी सांगतलं होतं काय? काकूनं माझ्याकडे पाहिलं, मी काकूकडे. खोटं तोंडाशी आलं होतं. पण तुझं पत्र आठवलं. मी म्हणलो, नाही. पोरगी पाखरं मोजे, आम्ही चहा देत होतो.

हे त्याहिनं सावकाश लिहिलं. मग वही मिटून निघाल्या. पोरी, तुझं नुकसान माझ्याच तोंडानं झालं काय?
तुझा काका

नागपूर, ३ ऑक्टोबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि. समितीचं पत्र आलं. तीन वर्षं मागितली होती, एक दिलं. अर्ध्या बोडीच्या नव्या विषयाला मंजुरी आहे. पुढे लिहिलंय की अर्जदाराला जागा नीट माहीत आहे, पण जागेच्या माणसांशी ती बोललेली नाही. वर्षभरात बोलते का, ते पाहून पुढचं ठरेल. वाचताना कान तापले. तुमच्या ‘नाही’ने दोन वर्षं गेली, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण ते उत्तर खरंच होतं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि बी.एड.चा अर्ज कपाटात ठेवला. फाडला नाही.

रविवारी येते. त्या दिवशी पक्षी मोजणार नाही. तुम्ही, काकू आणि पाण्यात उतरलेल्यांपैकी येतील ते सगळे पारीवर बसा. मी बोलेन, आणि चहाही मीच मांडेन.

काकूंनी कळवलंय की भैय्यालालकाकांच्या बोडीतून वेली आणून मोकळ्या पाण्यात लावायचं तुमच्या मनात आहे. काका, नको! ते मोकळं पाणीही आता अभ्यासात आहे. माया आहे तेवढीच असू द्या, हात तेवढे पाण्याबाहेर ठेवा.
तुमची,
कीर्ती