‘नांगर’च्या तुळया

१२ जानेवारी, संध्याकाळ
मालकीण मॉरीनने मला ‘नांगर’ पबमधून हाकललं. कायमचं. कारण काय, तर मी गिऱ्हाइकांना तिथल्या तुळयांचा इतिहास सांगतो आणि त्यांचं जेवण थंड होतं. जुन्या लढाऊ जहाजांचं लाकूड आहे ते! कुणीतरी सांगायला नको? वर शेकोटीजवळचा माझा कोपराही पाडणार, किचन मोठं करायला.
सूड घ्यायचा. शांत डोक्याने. आजपासून बिअर बंद.

१३ जानेवारी
बिअर उद्यापासून बंद.
आयडिया: पबला ऐतिहासिक वास्तूचं सरकारी संरक्षण मिळवून द्यायचं. मग बाईला भिंत हलवायची तर जन्मभर परवानग्या मागत बसावं लागेल. अर्ज टाकला.

२ फेब्रुवारी
शेजारचा क्लाइव्ह सांगत होता, मॉरीन म्हणते, म्हाताऱ्याचं त्या तुळईशीच लग्न लावून द्या. हस म्हणावं, हस.
माझं घर म्हणजे पबचा जुना तबेला. वारा नुसता घोंगावतो. प्लॅस्टिकच्या नव्या खिडक्या मागवल्या. तिच्या शेकोटीवाचून माझं काही अडत नाही.

९ मार्च
सरकारी तपासनीस बाई आल्या. मला आत बंदी, म्हणून काचेला नाक लावून पाहिलं. त्यांनी तुळईवर टकटक केलं आणि हसल्या. मॉरीनही हसली. केविलवाणं असणार.
नंतर बाई माझ्याकडे आल्या. माळ्यावर बराच वेळ होत्या. माझ्या अभ्यासाची कीर्ती पोचलेली दिसते.

२० एप्रिल
निकाल. पबच्या तुळया म्हणजे पोकळ फळ्या, मॉरीनच्या आजोबांच्या काळात काळा रंग फासून ठोकलेल्या. संरक्षण नाही.
माझ्या तबेल्याला आहे. चारशे वर्षांचं अस्सल लाकूड म्हणे. प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवायला सक्त मनाई.
अपील करणार. उद्या.

१ नोव्हेंबर
गारठलोय. नव्या खिडक्या अंगणात पडून.
मॉरीनने कोपरा पाडला. क्लाइव्ह ढकलगाडीभर तुळया घेऊन आला. तिचा निरोप: तुमचं जहाज आलंय म्हणावं, जाळा आणि ऊब घ्या.
परत पाठवणार होतो. पण क्लाइव्हला ओझं कशाला? पेटवल्या. पोकळ असल्या तरी बऱ्या जळतात.
एकीत गंजका खिळा सापडला. चांगला लांब. जहाजाचाच, शंकाच नको! कोट चढवला, मॉरीनला दाखवायला पबच्या दारापर्यंत गेलो.
मग बंदी आठवली.