तिसऱ्या खोलीसमोरची राख

नाना,

“कुत्रा आपला आहे ना? मग तो दुसऱ्याच्या दारात बसला, की आपणच बसलो असं समजायचं.” तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी सहावीत होते. तुम्ही, धोतर नेसलेले शाळामास्तर, कुणाच्या तरी ओट्याखाली बसला आहात असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला इतकं हसू फुटलं की हातातली पत्र्याची सुपडी खाली पडली. तुम्ही हसला नाहीत. सुपडी उचलून माझ्या हातात दिलीत आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवलंत. सकाळी बंबातली गार झालेली राख डब्यात भरून घ्यायची. कुत्रा जिथे बसेल तिथे वरून राख टाकायची, म्हणजे घाण कोरडी होते आणि जमिनीला चिकटत नाही. मग त्याला नाल्यापर्यंत फिरवून आणायचं, परत येताना सगळं सुपडीत भरायचं आणि मागच्या उकिरड्यावर टाकायचं. घरी आल्यावर तुम्ही दाढी करता करता आरशातूनच विचारायचात, “उचललीस?” मी म्हणायची, “हो.” नाशिकरोडच्या त्या गल्लीत तेव्हा कुत्री पाळणारी चार घरं होती, पण कुत्र्यामागे डबा घेऊन फिरणारं एकच.

आईला ते मुळीच आवडत नसे. एकदा तुम्ही स्वतः सुपडी घेऊन निघालात तेव्हा ती दार अडवून उभी राहिली होती. “एवढं शिकलात, मास्तर झालात, ते हेच करायला? आपल्या लोकांनी सगळ्या गावाची घाण उचलली, ती कमी झाली का?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “तेव्हा दुसऱ्यांची उचलावी लागत होती. ही आपली आहे. फरक आहे.” आई म्हणाली, “तो फरक तुम्हाला कळतो हो. बघणाऱ्याला कळतो का?”  गल्लीत आपलं एकच बौद्धांचं घर होतं. ती भाड्याची खोली मिळण्याआधी तीन ठिकाणी तुम्हाला नकार मिळाला होता, हे मला आईने सांगितलेलं होतं, आणि ते सांगताना तिने आवाज इतका खाली आणला होता की तेव्हापासून मी त्या घरात दबकूनच वावरत असे. नळावर माझी बादली दुसऱ्या कुणाच्या बादलीला लागली तरी बारीक आवाजात ‘काही नाही, काही नाही’ म्हणत मी ती मागे ओढायची. कुत्रा मात्र बिनधास्त होता. त्याला तिसऱ्या खोलीसमोरचीच जागा आवडायची.

तिसऱ्या खोलीतल्या काकू तोंडाने तिखट होत्या. सडा घालताना आपला कुत्रा दिसला की मोठ्याने म्हणायच्या, “या, या! आमच्याच दारात येतात बाई हे. आम्ही काय आमंत्रणपत्रिका छापली होती?” बाया हसायच्या, मीही कसनुसं हसायची. काकूंना त्या वर्षी नातू झाला होता आणि त्याला तेल लावायला शेवटच्या खोलीतली आजी यायची. ती पेठ गावाच्या पलीकडच्या डोंगरातली. नवरा गेल्यावर एकटीच शहरात आलेली, घरोघरी बाळ-बाळंतिणींना मालिश करायची. मला हाक मारायची ती “ए मास्तराची” म्हणून. आपल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकून म्हणायची, “खाय रं, पर हागाया लांब जाय.” गल्लीत न बिचकता आपल्या उंबऱ्यावर बसणारी ती एकटीच होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा हिवाळा. पौषातली अमावास्या होती, आणि बोटं सुपडीला चिकटावीत असा गारठा. आदल्या संध्याकाळी धाकट्याला खोकला झाला म्हणून आईने मीठ-मिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढली होती. तुम्ही घरात नव्हतात. तुम्हाला असलं काही चालत नसे, बुद्धाच्या तसबिरीसमोर तर नाहीच, म्हणून तिने घाईघाईने त्या मिरच्या विझत आलेल्या बंबात टाकल्या आणि मला बोटानेच गप्प राहायला सांगितलं. सकाळी मी तीच राख डब्यात भरली. अर्धवट जळालेल्या तीन-चार मिरच्या तिच्यात होत्या. मी त्या पाहिल्या, पण त्यांचा विचार केला नाही. कुत्रा तिसऱ्या खोलीसमोर बसला, मी वरून राख टाकली आणि त्याला नाल्याकडे नेलं. परत आले तर काकू दार उघडून बाहेर आलेल्या, हातात सड्याची बादली, पाठ माझ्याकडे. पुढे जाऊन उचलायचं, एवढंच करायचं होतं. पण काकू आता काय बोलतील ते सगळं मला आधीच ऐकू यायला लागलं. मी सुपडी फ्रॉकमागे धरली, मागच्या बोळातून घरी आले. तुम्ही आरशातून विचारलंत, “उचललीस?” मी म्हटलं, “हो.”

तुमच्या गालावरचा साबण पुसून होतो न होतो तोच काकूंची किंकाळी ऐकू आली.

आपण दोघं धावलो तेव्हा दहा-बारा माणसं जमली होती. मध्ये ती राख, तिच्यावर लाल-काळ्या मिरच्या. कुणी म्हणत होतं, “हात लावू नका, आधी लिंबू आहे का बघा.” कुणी म्हणत होतं, “आज अमावास्या आहे, करणी दुसरी काय असते?” काकू रडत होत्या, “तीन दिवस पोराचा ताप उतरत नाही, तरी मी म्हणतेय!” पहिल्या खोलीतले रेल्वेवाले काका मागून म्हणाले, “अहो, कुत्र्याबित्र्याचं असेल. मास्तर राख टाकतात ना वरून?” सगळ्यांनी आपल्याकडे पाहिलं. नाना, त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.  आईकडे पाहिलं, ती आपल्या दारात पदर तोंडावर घेऊन उभी होती आणि तिची नजर त्या मिरच्यांवरून हलत नव्हती. आपली राख म्हटलं की मिरच्याही आपल्याच. मग करणीही आपलीच. मग खोली जाणार. सहावीतल्या मुलीला एवढा हिशेब क्षणात जमला. तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, “यात घाबरण्यासारखं काही नाही, मी उचलतो. पण आमच्या कुत्र्याचं असतं तर माझ्या मुलीनं सकाळीच उचललं असतं. मी विचारलंय तिला. ती खोटं बोलत नाही.”

तुम्ही करणी नावाची गोष्टच नसते हे समजावत राहिलात, पण तुम्हाला कुणी राखेला हात लावू दिला नाही. “तुमचं काय जातंय मास्तर, पोर आमचं आहे,” असं काकू म्हणाल्या. आणि ती राख कुत्र्याची नाही हे तुमच्याच तोंडून सिद्ध झाल्यावर प्रश्न एवढाच उरला की मग कुणाची. पोराच्या अंगाला रोज हात कोण लावतं? डोंगरातून कोण आलं? उत्तर सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आजी तेलाची वाटी घेऊन नेहमीच्या वेळी आली, तेव्हा तिला कुणी पुढे येऊ दिलं नाही. ती एकेकाचं तोंड बघत म्हणाली, “मी कशाला करू गं बाय? पोर माझ्या मांडीव निजतं.” काकूंनी दार लावून घेतलं. दुपारपर्यंत घरमालकाने तिला खोली सोडायला सांगितलं. मी शाळेत गेलेच नाही, गोधडीत तोंड खुपसून पडून राहिले. बाहेर पावलं वाजली की वाटायचं, आले, आता आपल्याकडे आले. आईने मला एकदाही हाक मारली नाही. ती धाकट्याला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती.

संध्याकाळी चार-पाच जणांनी ती राख लांब बांबूने ढकलत गटारापाशी नेली आणि वरून पाणी ओतलं. तुम्ही गटाराच्या कडेला उभे होतात. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. बाकीचे दोन हात लांब, तोंड फिरवून. वाकून बघणारे तुम्ही एकटे. राख पाण्याबरोबर वाहून गेल्यावर खाली काय उरलं ते तुम्हाला दिसलंच असणार. तुम्ही मान वर केलीत आणि आपल्या दाराकडे पाहिलंत. मी वाट बघत होते, तुम्ही आता सगळ्यांना बोलवाल. अजूनही मला तो क्षण तसाच दिसतो. तुम्ही उभे आहात, तोंड उघडता आहात, एवढ्यात काकूंचा मुलगा विचारतो, “काय मास्तर, काय आहे?” आणि तुम्ही म्हणता, “काही नाही.” तुमचा आवाज मी ओळखला, नाना. नळावर माझ्या बादलीचा धक्का लागल्यावर माझा जसा निघायचा, अगदी तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचं गाठोडं तुमच्या सायकलच्या कॅरिअरला बांधून तुम्ही तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलात. गल्लीतून निघताना ती आपल्या दारापाशी थांबली. मी आत होते. “मास्तराची कुठंय?” असं तिने विचारलेलं मी ऐकलं आणि श्वास रोखून बसले. “झोपलीय,” आई म्हणाली. काकूंच्या नातवाला डॉक्टरचं औषध लागू पडलं, दोन दिवसांत ताप उतरला. गल्लीने मान डोलावली, “गेली म्हणून उतरला.” तुम्ही पुन्हा कधी मला “उचललीस?” असं विचारलं नाहीत. रोज सकाळी डबा आणि सुपडी घेऊन तुम्ही स्वतःच जाऊ लागलात. आई आता दार अडवत नव्हती. मी मात्र वर्षानुवर्षं तुमच्याकडे आरशातून बघत राहिले, की तुम्हाला माहीत आहे की नाही. विचारण्याचं धाडस झालं नाही. माहीत नसेल तर सांगावं लागणार होतं, आणि माहीत असेल तर त्याहून वाईट.

दहा वर्षांनी तुम्ही गेलात. तेराव्या-चौदाव्या दिवशी पेठकडचा एक माणूस घर शोधत आला, हातात नागलीची, म्हणजे नाचणीची, पिशवी. आजीचा भाचा आहे म्हणाला. “नाना दर साली यायचे आमच्याकडं. आत्या व्हती तवर.” आईच्या हातातला पेला तसाच राहिला. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस ‘शाळेच्या कामाला’ जायचात, ते तिथे. मग तो माणूस अगदी सहज बोलावं तसं म्हणाला, “पहिल्या सालीच त्यांनी आत्याचे पाय धरले. म्हनले, ती राख माझ्या हातची व्हती, मी उचलली नाय. भ्यालो म्हनून बोललो नाय. आत्या म्हनली, जाऊ द्या मास्तर, कुत्र्याचंच व्हतं ना, मानसाचं तर नव्हतं.” तो हसला. त्याने पाणी मागितलं, मी आणून दिलं. माझ्या हातून सांडलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं.

हे आता लिहिते आहे, कारण आमच्या सोसायटीत परवा मीटिंग झाली. तळमजल्यावरच्या लोकांच्या दारात कुणाचा तरी कुत्रा रोज घाण करतो, मालक बघून पुढे जातो. भांडण हमरीतुमरीवर आलं, आणि सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं, मी लेखिका ना. ‘आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलावी’, एवढं एक वाक्य. ते लिहिताना माझं पेन ‘आपणच’पाशी इतका वेळ अडलं की शेजारच्या बाईंनी विचारलं, “मॅडम, शुगर कमी झाली का?” पंचेचाळीस वर्षांची बाई आहे मी. स्वतःचं घर आहे, कुणी मला त्यातून काढू शकत नाही. तरी दारावरची बेल अवेळी वाजली की गोधडीत तोंड खुपसलेली ती मुलगी आत कुठेतरी अंग आकसून घेते. आई आता ऐंशीला आली आहे. मिरच्यांबद्दल आम्ही दोघी आजवर एक शब्द बोललेलो नाही. कधीतरी ती माझ्याकडे बघते आणि मला भीती वाटते, की बोलेल.

एक कबूल करते. तुम्ही माझा दोष स्वतःवर घेतलात हे त्या माणसाकडून कळलं तेव्हा मला रडू आलं नाही. लाजही नंतर आली. सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. तुम्ही जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नव्हते, आणि मी पाण्याचा पेला विसळताना मनात म्हणत होते, सुटले. ही चिठ्ठी मी कुठे टाकणार, आणि कुणाच्या नावाने? पण त्या भाच्याच्या गावाचं नाव मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं. तो अजून असेल, त्याची मुलं तरी असतील. पेठला आता दर तासाला गाडी आहे. मला तिथे जाऊन सांगू द्या, की आमच्या वडिलांनी तुमच्या आत्याला आयुष्यात एकच खोटं सांगितलं, ते माझ्यासाठी. तुमच्या हातावरची ती राख मला काढून घेऊ द्या, नाना. तुम्ही नाहीच म्हणणार हे मला ठाऊक आहे, तरी विचारते. जाऊ का?