चाकावरचा बाण

प्रिय दादा,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट आधी दोनदा उलटसुलट केलं असशील. घाबरू नकोस, रडगाणं गाणार नाही. मला राग आलाय, आणि रागात माझं अक्षर उलट सुधारतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

मासिकातला तुझा लेख वाचला. आमच्या तंत्रशाळेच्या ग्रंथपालबाईंनी कौतुकाने पान उघडून समोर ठेवलं, तुमच्या भावाचं नाव आलंय म्हणून. चार पानं, सात फोटो. बाबांची हिरवी, दोन सीटची इंग्रजी गाडी, जिला ते ‘म्हातारी’ म्हणायचे, आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून तू. बापलेकांनी मिळून भंगारातून उभी केलेली गाडी, असा मथळा. अकरा वर्षांचं काम आणि तिसरं माणूसच नाही! गॅरेजमधला जुना फोटोही दिलायस. त्यातून मला कापलंस खरं, पण घाईत माझं कोपर राहून गेलं. बाबांच्या शेजारी हवेत लटकणारं ते कोपर कुणाचं, असं एखाद्या वाचकाने विचारलं तर काय सांगणार आहेस?

त्या अकरा वर्षांत तू गॅरेजमध्ये किती वेळा आलास ते मी बोटांवर मोजून दाखवीन, आणि त्यातही निम्म्या वेळा पांढरा शर्ट घालून. पाचव्या वर्षी बाबांना झटका आला, उजवा हात लुळा पडला. त्यानंतर ते खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायचे. दारांच्या आतली कुजलेली लाकडी चौकट मी नव्याने घडवली, तीनदा चुकून चौथ्यांदा जमली. दोन्ही कार्ब्युरेटर सारखा श्वास घेतात की नाही, ते रबरी नळी कानाला लावून ऐकायला मी शिकले. एकाचा आवाज जाड आला की बाबा लांबूनच मान हलवायचे. आपला एकही पाना त्या गाडीला बसत नसे, सगळी मापंच वेगळी. बाबा म्हणायचे, शेजाऱ्याकडे पाना मागायला जाता येऊ नये म्हणूनच इंग्रजांनी हे केलंय. मग बोलता बोलता त्यांना ठसका लागायचा आणि मी हात पुसून पाणी आणायचे. यातलं काही तुझ्या लेखात नाही, कारण यातलं काही तू पाहिलंच नाहीस.

बाबा गेल्यावर पंधराव्या दिवशी, मी शाळेत मुलांची परीक्षा घेत असताना, तू ट्रक आणून गाडी नेलीस. आईने अडवलं तर तिला म्हणालास, तिला काय करायचीय गाडी, ती नुसती पाने हातात द्यायची. आईला वाटलं मी रडेन. मी जेवले, ताट घासून ठेवलं आणि ठरवलं की याचा वचपा काढायचा. आज ना उद्या, पण काढायचाच. सहा वर्षं मी ते विसरलेले नाही.

आता मुद्द्याचं. तारांच्या चाकाच्या मधोमध दोन कानांचा तो मोठा नट असतो ना, तांब्याच्या हातोड्याने ठोकून बसवायचा, त्याच्याबद्दल. तू कॉलेजात होतास तेव्हा तुझ्या लक्षात आलं होतं की गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं, त्याच दिशेला तो नट उघडतो. झालं, तू लगेच इंग्रजांची अक्कल काढलीस. बाबा हसले. त्यांनी एक पेन्सिल सैल मुठीत धरली आणि तिचं टोक गोल फिरवायला घेतलं. एवढ्यात बाहेर तुझ्या मित्राने हॉर्न वाजवला आणि तू उठून गेलास. मी थांबले. टोक एका दिशेने फिरवलं की पेन्सिल मुठीत उलट्या दिशेने फिरते, दादा. तो नटही तसाच चाकाच्या उलट फिरू पाहतो. योग्य बाजूला बसवला तर गाडी जितकी धावेल तितका तो आवळत जातो.

लेखात तू मोठ्या अभिमानाने लिहिलंयस की बाबांच्या हातून राहून गेलेली एक चूक तू स्वतः दुरुस्त केलीस. कोणती, ते लिहिलं नाहीस. मला ती तिसऱ्या फोटोत दिसली. नट उघडायच्या दिशेचा बाण त्याच्यावर कोरलेला असतो. डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांवर तो पुढे वळलेला हवा, तुझ्या फोटोत मागे वळलाय. दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असल्यामुळे नुसता नट बदलता येत नाही. म्हणजे तू नट बसतो ते हबच काढून डावीकडचे उजवीकडे केलेस, चारही. शाब्बास! आता तू जितका जोरात जाशील तितके ते नट सुटत जाणार.

खरं सांगते, हे कळल्यावर चार दिवस मी गप्प बसले. ज्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत रविवारी उतरणार असं तू लेखात लिहिलंयस, तिचा डोंगरातला रस्ता डोळ्यांसमोर आणला, तुझी ती तिरकी टोपी आणली, आणि तुला मागे टाकून एकटंच पुढे निघालेलं तुझं चाक पाहिलं. मला फार बरं वाटलं. लाज वाटली नाही, खोटं कशाला बोलू. पाचव्या दिवशी लेख पुन्हा वाचला तेव्हा शेवटची ओळ नीट दिसली. शेजारच्या सीटवर चिमणी बसणार आहे. तुझ्या लेकीने पहिलं पाऊल माझं बोट धरून टाकलंय रे. ती नसती, तू एकटाच असतास, तर मी काय केलं असतं? हे मी स्वतःला विचारलंय. उत्तर तुला सांगणार नाही.

म्हणून हे पत्र. दोन दिवस तू गाडीची किल्ली शोधतोयस, सगळी कपाटं उपसलीस, पोरीवर विनाकारण ओरडलास, हे मला कळलंय. शोधू नकोस. मी वहिनीला सगळं समजावून सांगितलं, आणि त्याच दुपारी तिने किल्ली माझ्या हातात आणून दिली. तुला न विचारता, दादा. तिचंही काही साठलेलं असणार. या पत्राची नक्कल मी रॅलीच्या तपासनीस काकांना दिली आहे. मी सही केल्याशिवाय ते म्हातारीला मैदानाबाहेर सोडणार नाहीत. रविवारी पहाटे सहाला टेम्पोवर घालून गाडी मैदानावर आण, हब मी बदलून देते, अकराला रॅली सुटायच्या आत होतील. पण मी हातोडा उचलायच्या आधी तू व्यासपीठावर जायचंस, माइक घ्यायचास आणि सगळ्यांना सांगायचंस की ही गाडी माझ्या बहिणीने बांधली. मी अगदी पुढे उभी राहीन. पुटपुटलास तर परत म्हणायला लावीन.

तुझीच, आणि अजून रागातच,
धाकटी