मेंढा कापला आणि चौथी मिती गेली

बिश्केक, १४ डिसेंबर

तीर्थस्वरूप सतारकुलमामांना भाची ऐचुरेकचा वाकून सलाम.

मेंढरं बरी आहेत ना? घोडी व्याली का? मामीचे गुडघे कसे आहेत? (मामी शेवटी आली म्हणून तिने रागावू नये, आपली रीतच आहे.) मी ठणठणीत आहे आणि कुणापुढे मान खाली घालणार नाही, आईने तुम्हाला काहीही कळवलेलं असो.

संस्थेच्या तळघरात मी काय करते ते उन्हाळ्यात कुरणावर सांगितलं होतं. सगळं जग म्हणजे एक नमदा, आपलं लोकरीचं जाड जाजम, समजा. आपण, उजेड, वीज, सगळे वरच्या नक्षीत अडकलेले. गुरुत्वाकर्षण तेवढं सांडलेल्या चहासारखं जाडीत मुरतं, म्हणून वर दुबळं वाटतं. ती जाडी म्हणजे लांबी-रुंदी-उंचीपलीकडची चौथी मिती. ती खरंच असेल, तर दोन वस्तू केसाच्या जाडीहूनही जवळ आणल्यावर त्यांची ओढ नेहमीच्या नियमापेक्षा जास्त भरायला हवी. (हा नमदा झटकायचा कुणी, असं तुम्ही विचारलं होतंत. उत्तर अजून कुणाकडे नाही.) त्यासाठीच माझा तो तराजू, म्हणजे तारेला टांगलेली चकती, आणि तिची थरथर बघायला तुमची दुर्बीण.

काही सापडलं की कापा, म्हणून तुम्ही मेंढा पाठवलात. बिचारा गारठू नये म्हणून मी तो मागच्या, तळघराच्याच पातळीवरच्या अंगणात, गरम पाण्याचा नळ जातो त्या भिंतीला बांधला. आणि मामा, तिसऱ्याच दिवशी ओढ जास्त भरली! नऊ दिवस भरली! मी आनंदाने वेडी झाले. मेंढा कापला, अख्ख्या विभागाला जेवू घातलं, मानाचं हाड विभागप्रमुख जुमागुलोव साहेबांच्या ताटात वाढलं. दुसऱ्या दिवशी चौथी मिती गायब.

आठवडाभर डोकं खाजवलं. मग अंगणात गेले, तर मेंढ्याचा खुंटा तराजूपासून भिंतीपल्याड जेमतेम हातभर! माझी चकती मेंढ्याकडे ओढली जात होती. जुमागुलोव साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुझी चौथी मिती आम्ही कांद्याबरोबर खाल्ली." स्वतः बोटं चाटून खाल्लं होतं, ते बरं नाही आठवलं त्यांना! आता शुक्रवारी समिती बसणार, तराजू उचलून तळघरात जुन्या खुर्च्या ठेवायच्या म्हणे. खुर्च्या! अहो, भिंतीपलीकडचा मेंढा ज्याला कळतो, तो तराजू मोडीत काढायचा? हसू देत सगळ्यांना. सहा वर्षं घातली आहेत मी त्या तळघरात. एक पाऊल मागे घेणार नाही.

तुमची,
ऐचुरेक

ता.क. भाची येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, असं तुम्हीच म्हणता ना? मामाकडे तीनदा मागायचा भाचीचा हक्क. शिंगरू झालं, दुर्बीण झाली. आता तिसरं आणि शेवटचं मागते: शुक्रवारच्या आत तेवढ्याच वजनाचा मेंढा. समितीसमोर बांधीन, सोडीन, पुन्हा बांधीन. मेंढ्याची ओढ एकदा नेमकी कळली की ती वजा करून पुढचं शोधता येतं, एवढं तरी त्यांच्या डोक्यात शिरेल.

पुन्हा ता.क. हा कापायचा नाही. जुमागुलोव साहेबांनी मीठ घेऊन येऊ नये.

आणखी एक. समिती बसायच्या आधीच तळघर रिकामं करायची नोटीस आली आहे. तराजूच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. नोटिशीच्या चार घड्या करून त्याखाली घातल्या. आता टेबल अजिबात हलत नाही.